पन्नासची पट्टी

श्यामकांत चांदोरकरांना घरात कुणी मिक्सरसुद्धा आणू देत नसे. हा माणूस मिक्सर आणायला गेला की दुकानदाराला मोटरमध्ये कुठली तार गुंडाळलीय ते विचारायचा, दुकानातले झाडून सगळे मिक्सर चालवून पाहायचा आणि "एकही धड नाही" म्हणत हात हलवत परत यायचा. औष्णिक वीज केंद्रांत तेहतीस वर्षं काढून चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची खोड आता सुटणार थोडीच! त्यामुळे त्यांच्या मुलीनं, मधुवंतीनं, "बाबा, बोटीचा जनरेटर तुम्हीच निवडा" असं म्हटलं तेव्हा त्यांची छाती फुगली, आणि त्यांच्या बायकोनं, वृंदानं, कपाळाला हात लावला.

बोटीचं खूळ मधुवंतीचं. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या या मुलीनं ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर एक जुनी लाकडी लाँच विकत घेतली होती. बराकपूरच्या घाटाजवळ तिची डागडुजी चालली होती. संध्याकाळी तीसेक माणसं घेऊन नदीत मधोमध जायचं, नांगर टाकायचा, मोठं इंजिन बंद करायचं आणि गाद्यांवर बसून गाणं ऐकायचं, असा बेत. दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि खानपानाचा फ्रिज चालवायला एक छोटा डिझेल जनरेटर हवा होता. बॅटऱ्यांवर भागेल का हेही पाहून झालं होतं, पण एवढ्या बॅटऱ्या ठेवायला खाली जागाच नव्हती.

आणि पहिली बैठक कुणाची? तर वृंदाची.

वृंदा लग्नाआधी सांगलीला रीतसर गाणं शिकलेली. लग्नानंतर मात्र नवऱ्याच्या बदल्यांमागून बंगाल-बिहारच्या सीमेवरच्या वसाहतींमधून फिरली. तिथं गाणं म्हणजे काय, तर पूजेच्या मंडपात दोन भजनं आणि लेडीज क्लबात एखादं नाट्यगीत. रियाझ मात्र तिनं एक दिवस चुकवला नाही. बालीगंजला कायमचं घर झाल्यावर चार ठिकाणी गाण्याचं ठरलं आणि चारही ठिकाणी पेटीवाल्यांनी घोळ घातला. तिचा षड्ज पेटीत कुठं बसतच नसे. पांढरी पाच धरावी तर तिचा सूर वर, काळी चार धरावी तर खाली. "ताई, तुमची पट्टी दोन पट्ट्यांच्या फटीत आहे हो," असं एका पेटीवाल्यानं हसत हसत म्हटलं. वृंदा हसली नाही. तेव्हापासून तिनं बाहेर गाणं बंद केलं होतं. पुरी बैठक, तीन तासांची, माणसांसमोर, तिच्या नावानं, अशी आजवर झालीच नव्हती, आणि आता साठी उलटली होती.

नावेवर गायला ती तयार झाली, पण एका अटीवर.

"खाली तुमचं यंत्र घुमत राहणार," ती म्हणाली. "ते माझ्या सुराशी भांडलं ना, तर मी पहिल्या आलापाला उठेन. माणसांसमोर उठेन. मग मला बोलायचं नाही."

ती खरंच उठली असती. एकदा लेडीज क्लबात बाजूच्या पंख्याची घरघर सुराला छेद द्यायला लागली, तेव्हा ही बाई जनरल मॅनेजरच्या बायकोसमोरून, ओळ अर्धी टाकून, सरळ घरी आली होती. श्यामकांतांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यामुळे आता प्रश्न साधा होता. जनरेटर चुकला की बैठक गेली, आणि ही गेली की पुन्हा होणार नव्हती.

स्ट्रँड रोडवर इंजिनं आणि पंप विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. त्यातल्या पालबाबूंच्या दुकानात तिघं एका शनिवारी दाखल झाली. पालबाबू गोलमटोल, हसरे आणि गिऱ्हाइकाला आधी खुर्ची, मग चहा, मग भाव अशा क्रमानं जिंकणारे. श्यामकांतांनी खुर्ची नाकारली. कुठले दिवे, कुठले पंखे, फ्रिज सुरू होताना पहिल्या क्षणाला किती झटका घेतो, हे सगळं त्यांनी तोंडपाठ सांगितलं आणि पाच केव्हीएचं यंत्र पुरेल म्हणून जाहीर केलं.

"दादा, बड़ा लीजिए ना," पालबाबू म्हणाले. "दस ले लीजिए. सेफ रहेगा."

श्यामकांतांना राग आला. त्यांना विजेच्या बाबतीत कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. "डिझेल इंजिनाला अर्धपोटी ठेवलं की ते काजळी धरतं," ते मराठीतच कडाडले, आणि मग भानावर येऊन हिंदीत म्हणाले, "कम लोड पे चलेगा तो खराब होगा, मालूम है ना आपको?"

पालबाबूंना मालूम होतं. त्यांनी मोठं यंत्र मुकाट्यानं यादीतून काढलं. हवेवर थंड होणारं एक स्वस्त यंत्र श्यामकांतांनी स्वतःच बाद केलं, कारण बोटीच्या पोटात त्याला हवा मिळणार कुठून? राहिली दोन. दोन्ही बोटीसाठीच बनवलेली, नदीचं पाणी ओढून थंड राहणारी. इथल्या नदीचं पाणी म्हणजे निम्मा गाळच. श्यामकांतांनी दोन्ही यंत्रांची गाळणी उघडायला लावली, बोट घालून पाहिलं, जाळी उजेडात धरली. मधुवंती मोबाइलवर वेळ पाहत होती. वृंदा चहा पीत होती.

पहिलं यंत्र मधुवंतीनं आधीच मनात धरलेलं होतं. छोटंसं, पांढऱ्या पेटीत बंद, इतकं शांत की चालू आहे का ते हात लावून पाहावं. इंटरनेटवर सगळ्यांनी त्याची वाहवा केली होती.

"आई, ऐक," ती म्हणाली. "ऐकूच येत नाही ना? हेच तर पाहिजे आपल्याला. सायलेंट एकदम."

वृंदानं कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. दुकानाबाहेर हातगाड्या, ट्रक, हमालांची आरडाओरड. त्या सगळ्याच्या तळाशी तिनं काहीतरी शोधून काढलं.

"काळी चार," ती म्हणाली. "स्वच्छ."

"मग तर बेस्टच!" मधुवंतीनं टाळी वाजवली. "पेटीवाले पण खूश!"

पालबाबूंना काळी काय आणि चार काय ते कळलं नाही, पण गिऱ्हाईक टाळ्या वाजवतंय म्हटल्यावर तेही हसले. श्यामकांतही हो म्हणणार होते. पण मिक्सर नाकारणाऱ्या माणसाची खोड आड आली. रिकामं चालणारं कुठलंही यंत्र त्यांना कधी पटलेलं नव्हतं.

"लोड डालिए," ते म्हणाले.

पालबाबूंनी भिंतीवरच्या दिव्यांची रांग लावली, हीटर लावला. यंत्र किंचित कण्हलं आणि चालत राहिलं. कुणालाच काही खटकलं नाही.

"उतरला," वृंदा म्हणाली.

श्यामकांतांनी मीटरकडे पाहिलं. मघाशी बावन्न दाखवणारा आकडा एकोणपन्नासवर आला होता.

हा आकडा म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. ओझं वाढलं की आकडा खाली येतो, कमी झालं की वर चढतो. तो पन्नासवर ठेवणं हे वीज केंद्रातल्या माणसाचं काम. श्यामकांतांनी ऐन उमेदीची वर्षं कंट्रोल रूममध्ये या एका आकड्यावर डोळे लावून काढली होती. कारखाने सुरू झाले की तो घसरायचा, पाऊस आला आणि गावंच्या गावं पंखे बंद करून झोपली की चढायचा. त्याच्या चढउतारावर त्यांचा रक्तदाब चढायचा आणि उतरायचा.

"अब बंद कीजिए हीटर," ते पालबाबूंना म्हणाले, आणि वृंदाची खुर्ची त्यांनी मीटरकडे पाठ करून फिरवली.

"चढला," वृंदा म्हणाली. एक्कावन्न. फ्रिज लावला. "उतरला. मघापेक्षा कमी." पन्नासच्या जरा वर. सगळं काढून टाकलं. "आता परत काळी चार." बावन्न. बंगाली माणसाला चमत्कार दाखवला की तो कामधंदा विसरतो. पालबाबूंनी शेजारच्या दुकानदारांना हाका मारल्या. "बौदी का कान में मीटर बैठा है!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला या वहिनींबद्दल सांगायला लागले, आणि सगळ्यांसाठी मातीच्या कुल्हडांतून पुन्हा चहा आला.

श्यामकांत मात्र चहा हातात घेऊन तसेच उभे होते. तंबोरा मिळवताना ही बाई अर्धा तास का घालवते, असं त्यांनी आयुष्यभर मनातल्या मनात म्हटलं होतं. आज कळत होतं की ते ज्या आकड्यासाठी डोळे फोडत होते, तो हिला पाठमोरी बसून कळत होता.

"शांत आहे, पण याला स्वतःचा सूर नाही," वृंदानं निकाल दिला. "दिवा लावला की हा बदलणार. पंखा बंद केला की बदलणार. मी काय प्रत्येक बटणागणिक तंबोरा जुळवत बसू?"

मधुवंतीचं तोंड उतरलं. "पण आई, दुसरं मशीन जास्त आवाज करतं. मी ऐकलंय."

"चालू कर म्हणावं."

दुसरं यंत्र तीन सिलिंडरचं, थोडं थोराड. त्यात वेग सांभाळणारा भाग इलेक्ट्रॉनिक होता. ते सुरू झालं तेव्हा मधुवंतीनं "सांगितलं नव्हतं मी?" अशा नजरेनं वडलांकडे पाहिलं. आवाज खरोखरच जास्त होता. खर्जातला, भरदार, जमिनीतून तळपायात येणारा. पालबाबूंनी न सांगताच हीटर लावला. आकडा किंचित लवला आणि लगेच पन्नासवर येऊन उभा राहिला. फ्रिज लावला. पन्नास. सगळं काढलं. पन्नास.

वृंदानं पुन्हा डोळे मिटले. ती ऐकत होती. मग तिचे ओठ मिटलेलेच राहिले आणि तिच्या गळ्यातून सूर निघाला. तिचा नेहमीचा षड्ज. पेटीत न बसणारा. तो त्या यंत्राच्या घुमण्यात असा काही मिसळला की कुठं यंत्र संपतं आणि कुठं वृंदा सुरू होते ते श्यामकांतांसारख्या कानानं बेताच्या माणसालाही सांगता आलं नसतं. मग ती पंचमावर गेली. तोही खाली यंत्रात होताच.

"षड्ज-पंचम," ती डोळे उघडून म्हणाली. "तंबोराच आहे हा, अहो."

"तीन सिलिंडर ना," श्यामकांत पुटपुटले. "इंजिनाच्या एका फेऱ्यात दीड स्फोट. आणि पंचम म्हणजे षड्जाच्या दीडपट. येणारच तो." हिशेब बरोबर होता. पण त्यांचं लक्ष हिशेबात नव्हतं. "वृंदा, तुझा सा... हा तुझा सा पन्नासवर कसा?"

"तुम्हाला आत्ता कळलं?"

"म्हणजे?"

"स्विचयार्डाच्या भिंतीला लागून राहिलो आपण इतकी वर्षं," वृंदा म्हणाली. "तुम्ही ड्यूटीवर जायचात आणि मी तंबोरा घेऊन बसायची. मागं ते ट्रान्सफॉर्मर घुमत असायचे. सांगलीहून काळी चारचा सूर घेऊन आले होते मी. पहिलं वर्ष नुसती भांडले त्यांच्याशी. कानात एक, गळ्यात एक. रडकुंडीला यायची. मग एक दिवस तंबोरा त्यांच्यात मिळवला. आणि तो असा मिळाला म्हणून सांगू! तेव्हापासून तीच माझी पट्टी."

श्यामकांतांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"तुमचा दिवस कसा गेला ते तुम्ही यायच्या आधी कळायचं मला," ती पुढे म्हणाली. "सूर खाली गेला की समजायचं, आज साहेबांची बोलणी बसली असणार. त्या दिवशी मी तुम्हाला काही विचारायची नाही. मुकाट्यानं चहा ठेवायची."

श्यामकांतांना ते चहाचे कप आठवले. न विचारता पुढ्यात येणारे. त्यांना वाटायचं, बायकोला आपल्या कामात काडीचा रस नाही.

"म्हणजे माझ्यामुळे बिघडली म्हणायची तुझी पट्टी," ते कसेबसे म्हणाले.

"बिघडली?" वृंदा ताडकन उभी राहिली. "कोण म्हणतं बिघडली? पेटीत नसेल तर तो पेटीचा दोष! माझ्या गळ्यात पक्की आहे. भर दुकानात गाऊन दाखवली ना आत्ता?" तिनं पदर खोचला आणि पालबाबूंकडे वळली. "यही मशीन लेंगे."

"लोक आवाजाबद्दल बोलणार, बाबा," घरी येताना टॅक्सीत मधुवंती म्हणाली. "पहिलाच प्रोग्राम आहे. लोक बोलले आणि आई उठली, तर?"

पुढचे आठवडे ते बराकपूरलाच पडीक होते. यंत्राखाली रबराचे जाड पाय बसवले, धुराडं पाण्याखाली सोडलं, गाळणीपाशी हात सहज पोचेल अशी जागा केली. घाटावरच्या मिस्त्रींना एकच स्क्रू तीन वेळा काढायला लावून त्यांनी पुरेसा वैताग दिला. आता आवाज निम्म्यानं उतरला होता, पण होता. डेकच्या लाकडी फळ्यांतून तो हलका हलका वर यायचा आणि बसलेल्या माणसाच्या मांडीला लागायचा.

बैठकीची संध्याकाळ आली. लाँच नदीच्या मध्यावर जाऊन थांबली, मोठं इंजिन बंद झालं. महाराष्ट्र मंडळातली माणसं होती, मधुवंतीच्या ऑफिसातली होती, कडक इस्त्रीचं धोतर नेसून पालबाबू सहकुटुंब आले होते. आणि सगळ्यात पुढे दिगंबरराव. दिगंबरराव म्हणजे मंडळातले जाणकार. आजवर एकाही गवयाचा दुसरा अंतरा त्यांना आवडलेला नव्हता. वृंदानं जांभळ्या काठांचं पातळ नेसलं होतं. तिच्याकडे गाणं शिकणारी सानिका तंबोऱ्यावर होती. बँकेतला हेमंत तबल्यावर, आणि पेटी नव्हतीच. श्यामकांत मागे, जनरेटरवरच्या लाकडी झडपेशी, स्टुलावर बसले होते.

तंबोरा मिळवून झाला. वृंदानं घसा साफ केला. तेवढ्यात दिगंबररावांनी हात वर केला.

"अहो, ते खालचं मशीन तेवढं बंद करा की कुणीतरी," ते मोठ्यानं म्हणाले. "गाणं ऐकायला आलोय आम्ही, गिरणी नाही. अंधार चालेल. उकाडाही चालेल."

दोन-चार माना डोलल्या. मधुवंतीचा चेहरा पांढरा पडला. तिनं मागं वडलांकडे पाहिलं. श्यामकांतांनी क्षणभर विचार केला. यंत्र निवडलं होतं ते बायकोनं गावं म्हणून. तिचं गाणं होणार असेल तर यंत्र गेलं खड्ड्यात. ते उठले, झडप उघडली आणि बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं.

"अहो, बोट काढा तिथून," समोरून वृंदाचा आवाज आला.

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. वृंदानं तंबोऱ्याकडे हात करून सानिकाला थांबवलं. ती रागावलेली नव्हती. श्यामकांतांनी तिला इतकं निवांत कधीच पाहिलं नव्हतं.

"गाण्याआधी साथीदारांची ओळख करून द्यायची रीत आहे," ती म्हणाली. "तबल्याच्या साथीला आहेत हेमंत रेगे. तंबोऱ्यावर माझी विद्यार्थिनी, सानिका." दोघांनी हात जोडले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"आणि षड्जाच्या साथीला, श्यामकांत चांदोरकर. गेली तेहतीस वर्षं."

कुणाला काही कळेना. एकदोघं हसले. दिगंबरराव काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात वृंदानं सा लावला. सानिकानं तंबोरा छेडला. खालून यंत्र घुमत होतंच. ते तिन्ही सूर एकमेकांत गेले आणि बसलेल्या माणसांच्या मांड्यांखालची अख्खी बोट गायला लागली. दिगंबररावांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. मग त्यांनी हळूच तळहात खालच्या फळ्यांवर टेकवला आणि डोळे मिटले. पालबाबू बायकोच्या कानात म्हणाले, "मेरा दुकान का मशीन है."

श्यामकांत अजून उभेच होते. नाव घेतलं की साथीदारानं हात जोडायचे असतात हे त्यांना माहीत होतं, पण त्यांच्या हाताला डिझेल लागलं होतं आणि वेळही टळून गेली होती. वीज केंद्रातल्या माणसाचं नाव लोक वीज गेल्यावर घेतात, तेही शिव्या घालायला. तेहतीस वर्षांत दिवे लागलेले असताना त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. आज दिवे लागले होते, पंखे फिरत होते, आकडा पन्नासवर होता आणि भर बैठकीत त्यांचं नाव घेतलं गेलं होतं, तेही तबला-तंबोऱ्याच्या रांगेत.

त्यांनी डिझेलच्या हातांनीच, जरा उशिरा, नमस्कार केला. त्या वेळी त्यांच्याकडे कुणीच पाहत नव्हतं. सगळे गाणं ऐकत होते, आणि श्यामकांतांना त्याहून जास्त काही नको होतं.